पाळक व्याह्यांना अवघड प्रश्न कसे विचारावेत

माझी सून जालन्याची. तिचे वडील चर्चचे पाळक. मी लातूर जिल्ह्यातल्या औशाची, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि देव मानत नाही. सोयरीक जुळली तेव्हा भावकीला घोर लागला होता अक्षता टाकायच्या की नाही याचा. मला मात्र वाटलं, बरं झालं, जे प्रश्न आजवर पुस्तकांना विचारले ते विचारायला हाडामांसाचा माणूस मिळाला. पण अडचण अशी की इवाई रुसला तर सुनेचं माहेर अवघडतं, आणि रुसू नये म्हणून गुळगुळीत विचारावं तर उत्तरही गुळगुळीतच येतं.

आमच्या बैठका अजून चालू आहेत. ते मला विहीणबाई म्हणतात, मी त्यांना पाळकसाहेब. त्यातून मला जे जमलं ते इथं लिहिते. तुमच्या ओळखीत कुणी ख्रिस्ती शेजारी, सहकारी, सोयरा असेल आणि तुमच्या शंका खऱ्या असतील, तर उपयोग होईल. नुसता वाद जिंकायचा असेल तर यातलं काही कामाला येणार नाही.

आधी समोरचा कोण ते बघा

‘ख्रिश्चन लोक असं मानतात ना?’ अशी सुरुवात करू नका. कुठले ख्रिश्चन? आपल्या मराठवाड्यातच बघा. छत्रपती संभाजीनगरला कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, १९७७ पासून. जालन्याची कथा निराळी. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री नावाचे, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे तिथं आले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. पुढे १९७० साली उत्तर भारतातली बरीच प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमचे पाळकसाहेब त्यातले. याशिवाय मेथडिस्ट आहेत, आणि भाड्याच्या हॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडखाली भरणाऱ्या पेंटेकॉस्टल सभा आहेत.

हे माहीत असलेलं बरं, कारण उत्तरं बदलतात. मेल्यावर शुद्धीची मधली अवस्था असते असं कॅथलिक मानतात, प्रॉटेस्टंट मानत नाहीत. प्रार्थनेनं आजार बरा होतो यावर पेंटेकॉस्टल सभेत जेवढा भर असतो तेवढा माझ्या व्याह्यांच्या चर्चमध्ये नसतो. मी पहिल्याच बैठकीत विचारलं, ‘तुमचं चर्च काय मानतं आणि तुम्ही स्वतः काय मानता, दोन्ही वेगवेगळं सांगा.’ त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘हे आमच्या बिशपांनीसुद्धा कधी विचारलं नाही.’ पुढचं सगळं त्यामुळे सोपं गेलं. तुम्हीही हाच प्रश्न आधी विचारा.

काही प्रश्न घरीच ठेवायचे. ‘गव्हासाठी, दुधाच्या पावडरीसाठी बाटलात ना?’ हा प्रश्न नाही, टोमणा आहे, आणि हिशेबानंही चुकीचा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ला शिखांना मिळाला, १९९०ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. सवलतीच हव्या असत्या तर माणसं तिकडं गेली नसती. त्याच विषयावरचा खरा प्रश्न असा आहे: सगळी जर देवाची लेकरं, तर मंडळीतली लग्नं जात बघून का ठरतात? हा मी विचारला. पाळकसाहेब म्हणाले, ‘विहीणबाई, तुम्ही मूळ पापाचा पुरावा मागता ना नेहमी? आमच्या मंडळीतल्या लग्नपत्रिका बघा.’ (मूळ पाप म्हणजे माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असतो, ही ख्रिस्ती शिकवण.)

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, प्रश्नही सगळ्यात आधी काढू नका. ‘एक देव की तीन?’ म्हणून चिडवणं सोपं आहे, पण त्याचं घोटून ठेवलेलं उत्तर लहान मुलंही देतात. विचारायचंच तर असं विचारा: ही शिकवण बायबलात एका जागी, सलग मांडलेली नाही, ३२५ साली निकेयाला आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला बिशपांच्या परिषदा बसल्या तेव्हा तिला आजचा आकार आला, मग त्या परिषदांचा शब्द तुम्ही किती मानता? प्रॉटेस्टंट माणसाला हा प्रश्न खरोखर विचारात पाडतो, कारण तो एरवी ‘फक्त शास्त्र’, म्हणजे फक्त बायबल, म्हणत असतो. पंडिता रमाबाईंनी नेमकं हेच केलं होतं. १८८३ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं त्यांच्याशीच पत्रांतून वाद घालत राहिल्या. चर्च सांगतं म्हणून नाही मानणार, शास्त्रात दाखवा, हा त्यांचा हट्ट. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गमावलेली ती बाई; तिला उगाच गोड बोलून कुणी गप्प करू शकत नव्हतं.

दुःखाचा प्रश्न विचारण्याआधी

आता मुख्य विषयाकडे येते. देव सर्वशक्तिमान, देव पूर्ण चांगला, तरी जगात इतकं वाईट का? हा प्रश्न ख्रिस्तापेक्षाही जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरसच्या नावावर तो सांगितला जातो. पण असा मोघम विचारलात तर मोघमच प्रवचन ऐकावं लागेल. आधी वाईटाचे दोन भाग करा. एक, माणसानं माणसाला केलेलं: हुंडाबळी, सावकारी, जातीवरून झालेला खून. दुसरं, ज्यात माणसाचा हात नाही: भूकंप, दुष्काळ, लेकराच्या रक्तातला कॅन्सर. पहिल्यावर ख्रिस्ती उत्तर तयार असतं, देवानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आणि माणसानं ते वाईट वापरलं. हे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि बोलताना लोक हळूच पहिल्यावरून दुसऱ्यावर सरकतात. तिथं थांबवायचं.

आपल्याकडे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं उशिरा निजलेली. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, लोकांच्या तोंडी दहा हजार. त्यानंतर प्रत्येक जण कारण सांगायला लागला. कुणी म्हणालं गावानं पाप केलं, कुणी म्हणालं विसर्जनात काही चुकलं, कुणी म्हणालं देवानं इशारा दिला. माझ्या वर्गात सास्तूरकडची एक मुलगी होती, घरची तिघं गेलेली. ती हे सगळं ऐकत बाकावर बसायची.

विज्ञानाची बाई म्हणून मी वर्गाला भिंत समजावून सांगितली होती. आपली जुनी घरं आठवा. दोन-अडीच फूट जाड भिंत. बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि खडे कोंबलेले, आणि दोन्ही थरांना आरपार सांधणारा दगडच नाही. वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या छताचं वजन वाढत गेलेलं. जमीन हलली तशी भिंत पोटातून फाकली आणि वरचं सगळं झोपलेल्यांवर आलं. झोपडीत, कुडाच्या घरात निजलेले जास्त वाचले. त्यावरही लोक म्हणाले, देवानं गरिबाला वाचवलं. देवानं नाही, हलक्या छपरानं.

आता हे दोन भागांतल्या कुठल्या भागात टाकायचं? हाच प्रश्न १७५५ सालीही आला होता. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, सकाळी पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये चर्चेस माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. मेणबत्त्यांनी आग लागली, शिवाय समुद्र आत आला. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरनं यावर कविता लिहून देवाच्या कृपेवरच हल्ला चढवला. त्याला तत्त्वज्ञ रूसोनं पुढच्या वर्षी पत्र लिहिलं: सहा-सात मजल्यांची हजारो घरं दाटीवाटीनं निसर्गानं बांधली नव्हती. रूसोचं म्हणणं किल्लारीलाही लागू आहे, आणि पाळकसाहेबांनी ते लगेच उचललं. म्हणाले, ‘बघा, तुमच्याच भिंतीच्या धड्यात माणसाची चूक आली.’

अशा वेळी चिडू नका, मान्य करा आणि उरलेलं विचारा. ठीक, घरांची चूक वजा केली. पण दख्खनचा हा भाग शांत समजला जायचा. आपल्या पणज्यानं भूकंपाचा विचार करून भिंत बांधायला हवी होती असं कुणीही म्हणणार नाही. त्याला जे माहीत नव्हतं ते देवाला माहीत होतं. आणि पाळण्यातल्या पोरानं भिंत बांधलेली नव्हती. वजाबाकीनंतर जे उरतं त्यावरच बोट ठेवून विचारायचं.

त्यांचं पुस्तक आधी स्वतः वाचा

हे टाळू नका. मराठी बायबल स्वस्तात मिळतं, आणि निम्मे शंकेखोर ते न वाचताच बोलतात. सगळं वाचायची गरज नाही. एवढं वाचा: ईयोबाचं पुस्तक, निदान १ ते ३, ९, २१ आणि ३८ ते ४२ हे अध्याय, स्तोत्रसंहितेतलं २२ आणि ८८, हबक्कूकचा पहिला अध्याय, लूकचा १३वा अध्याय, योहानाचा ९वा.

वाचलं की एक गोष्ट कळते. तुमचा प्रश्न बाहेरून आलेला नाही. हबक्कूक सुरुवातच अशी करतो की देवा, मी किती दिवस ओरडू, तू ऐकतच नाहीस. ८८वं स्तोत्र शेवटी कुठलाही दिलासा न देता संपतं. आणि ईयोब! हा सधन, नीतिमान माणूस; धन, लेकरं, तब्येत सगळं गेल्यावर तो देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात, तिथंपर्यंत ठीक. मग तोंड उघडतात आणि सांगतात की तुझंच काही पाप असणार. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याबद्दल खरं बोलला तो ईयोब. देवाची बाजू घेणारे खोटे ठरतात. गंगाखेडच्या जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या, तरी वारीत तिचे अभंग गातातच की. मराठी माणसाला हे कळायला जड नाही.

म्हणून कुणी तुम्हाला ‘असे प्रश्न विचारणं पाप आहे’ म्हणालं, तर वाद न घालता ईयोबाचा ४२वा अध्याय, ७वं वचन उघडून समोर ठेवा.

पण ईयोबावर तिथंच थांबू नका. मला गणिताची बाई म्हणून एक गोष्ट खटकली ती विचारली. सुरुवातीला त्याची सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या आणि पाचशे गाढवी. सात मुलगे, तीन मुली. शेवटी जनावरं बरोब्बर दुप्पट मिळतात: चौदा हजार, सहा हजार, हजार, हजार. मुलं मात्र पुन्हा सात आणि तीन. मी म्हणाले, ‘पाळकसाहेब, नवी दहा झाली म्हणून आधीची दहा गेलेली चालतात का? आणि ती गेली कशासाठी, तर देवानं सैतानाला मोकळीक दिली म्हणून.’ त्यांनी आपलं बायबल काढलं, पेन्सिलीच्या खुणांनी पानं काळी झालेलं, आणि म्हणाले, ‘मुलं दुप्पट झाली नाहीत, कारण आधीची दहा हरवलेलीच नाहीत. ती देवाजवळ आहेत. सात आणि सात चौदा, तीन आणि तीन सहा.’ हिशेब जुळतो. उत्तरार्ध त्यांनी सोडून दिला, तेव्हा मी तो परत विचारला. तेव्हा म्हणाले, ‘त्याचं उत्तर त्या पुस्तकात नाही. देव वादळातून बोलतो तेव्हाही ईयोबाला ते सांगत नाही.’ माझ्या वहीत या उत्तराला पूर्ण गुण आहेत.

लूकच्या १३व्या अध्यायात किल्लारीचाच प्रश्न आहे. यरुशलेमेत बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच नाही म्हणतो. भूकंपानंतर पापाची गोष्ट करणाऱ्या प्रत्येकाला हे वाचून दाखवावं. मात्र पुढचं अर्धं वाक्य गाळू नका, समोरचा गाळणार नाही: पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचंही तसंच होईल. म्हणजे तुलना नाकारली, धमकी ठेवली. त्यावर मी अजून भांडते.

योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? आपल्याकडे मागच्या जन्माचं म्हणतात, तोच धागा. येशू म्हणतो, दोघांचंही नाही. देवाची कामं याच्यात दिसावीत म्हणून. पहिला भाग ऐकून बरं वाटतं. दुसऱ्यावर प्रश्न करा: एका दिवशी चमत्कार दाखवायला एक माणूस इतकी वर्षं आंधळा ठेवला?

ठरलेली उत्तरं, आणि त्यापुढे काय विचारायचं

उत्तरं फार नाहीत. चार-पाचच आहेत, आणि फिरून फिरून तीच येतात.

पहिल्या माणसानं, आदामानं, मना केलेलं फळ खाल्लं आणि त्या पापानं सृष्टी बिघडली, हे जुनं उत्तर. पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपानं ते पक्कं बांधलं. पुढचा प्रश्न: माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी एकमेकांना फाडून खात होते, रोगानं मरत होते, हाडांचे जीवाश्म तेच सांगतात. त्यांनी कुठलं फळ खाल्लं? पाळकसाहेब उत्पत्तीचे पहिले अध्याय शब्दशः घेत नाहीत, त्यामुळे त्यांना हे उत्तर वापरताच येत नाही. शब्दशः घेणारा असेल तर बोलणं जीवाश्मांवर जाईल आणि तिथंच अडकेल. त्या गावाला जाऊ नका.

दुःखातून माणूस घडतो, असं दुसरं उत्तर. याचं मूळ दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपापर्यंत नेतात. विसाव्या शतकात जॉन हिक या इंग्रज विचारवंतानं ते नव्यानं मांडलं. यात तथ्य आहे, शाळेत मी ते पाहिलंय. पण दुःखानं मोडलेलीही पाहिलीत. कर्जापायी नवरा गेलेल्या बाईला ‘तू घडते आहेस’ म्हणून बघा. आणि दोन वर्षांचं लेकरू गेलं तर घडलं कोण? आईबाप घडले असं म्हणालात, तर लेकरू दुसऱ्याच्या शिकवणीचं साधन झालं. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणेच ते चालत नाही.

इच्छास्वातंत्र्याच्या उत्तरावर माझा सगळ्यात आवडता प्रश्न स्वर्गाचा आहे. स्वर्गात इच्छास्वातंत्र्य असतं का? असतं. तिथं पाप, दुःख असतं का? नसतं. मग दोन्ही एकत्र शक्य आहे, तर सुरुवातच तिथून का नाही केली? पाळकसाहेब म्हणाले, इथं स्वतः निवडून आलेली माणसंच तिथं तशी राहू शकतात. निवड आधी झालेली असते. मी म्हणाले, मग किल्लारीत गेलेलं तान्हं लेकरू स्वर्गात आहे की नाही? ते म्हणाले, आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यानं कधी निवडलं? यावर चहा आला. चहा झाल्यावर मी पुन्हा विचारलं. चहा आला म्हणून प्रश्न सोडायचा नाही, ही या सगळ्या मार्गदर्शनातली सगळ्यात कामाची सूचना समजा.

‘तर्कानंच देव खोटा ठरतो’ असं मात्र म्हणू नका, तिथं तुम्ही हराल. जॉन मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं १९५५ला मांडलं होतं की सर्वशक्तिमान देव, पूर्ण चांगला देव आणि वाईटाचं असणं ही तीन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत. १९७४ला अमेरिकेच्या आल्विन प्लँटिंगानं दाखवलं की विसंगती सिद्ध होत नाही: माणसं खरोखर मुक्त असावीत आणि ती कधीच वाईट वागणार नाहीत याची हमीही असावी, हे सर्वशक्तिमानालाही करता येणार नाही अशी शक्यता उरते. बरेच नास्तिक तत्त्वज्ञही इथं त्याला मानतात. भूकंपाचं काय? त्यावर प्लँटिंगा म्हणतो, सैतानासारख्या अदृश्य मुक्त शक्तींचं ते काम असेल अशी शक्यता धरा. तर्काला नुसती शक्यता पुरते. पण हे उत्तर घेऊन किल्लारीच्या नव्या वसाहतीत जाऊन उभं राहायची कुणाची छाती होणार नाही, पाळकसाहेबांचीही नाही, असं त्यांनीच सांगितलं.

म्हणून विल्यम रो या तत्त्वज्ञाची वाट धरा. १९७९ला त्यानं उदाहरण दिलं: लांब जंगलात वणव्यात भाजलेलं हरणाचं पाडस दिवसेंदिवस तडफडून मरतं, कुणी बघत नाही, कुणी शिकत नाही, कुणी घडत नाही. यातून मोठं चांगलं निघतं असं मानायला आधार काय? यानं देव नाही हे सिद्ध होत नाही, पण असण्याची शक्यता कमी होते. यावर आस्तिकाचं उत्तर ठरलेलं: देवाची कारणं आपल्याला कळतीलच असं नाही. याचा प्रतिप्रश्न तयार ठेवा: कारणं कळत नाहीत तर पीक चांगलं आल्यावर ‘देवाची कृपा’ हे कसं कळतं?

शेवटी उरतं ते क्रूसाचं. देव लांब बसून बघत नाही, तो स्वतः माणूस झाला आणि मारला गेला. हे उत्तर बाकीच्यांसारखं युक्तिवादाचं नाही, आणि ख्रिस्ती माणूस खरं तर यावरच जगतो. म्हणून हे ऐकताना मधे बोलू नका. ऐकायचंच असेल तर शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये जाऊन बसा. क्रूसावरच्या सात उद्गारांवर बोलतात. चौथा उद्गार २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, देवा, तू मला का टाकलंस. मी दरवर्षी मागच्या बाकावर बसते. प्रश्न नंतर विचारायचा: सोबत दुःख भोगणं आणि दुःख थांबवणं यात फरक आहे, ज्याला थांबवता येतं त्यानं सोबत केली एवढ्यावर भागतं का? शिवाय जुन्या चर्चची शिकवण अशी की देवाला देव म्हणून वेदना होत नाही, ख्रिस्ताला झाली ती मनुष्य म्हणून. मग भोगलं नेमकं कुणी? हा प्रश्न पाळकसाहेबांनी लिहून घेतला.

नरकाचा प्रश्न माणसाचं नाव घेऊन विचारावा. ‘न ऐकलेल्यांचं काय?’ असं नको. मी माझ्या सासूबाईंचं विचारलं. आयुष्यभर शेणगोठा केला, येशूचं नाव कानावर पडलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली कॅथलिकांपुरतं सांगून टाकलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही त्यांनाही तारण मिळू शकतं. प्रॉटेस्टंटांत एकमत नाही. पाळकसाहेब म्हणाले, ‘त्यांचा न्याय करायला मी बसलेलो नाही, याचा मला आनंद आहे.’

ते उलट विचारतील, तयार राहा

एकदा मी किल्लारीबद्दल ‘अन्याय’ म्हणाले आणि पाळकसाहेबांनी पकडलं. ‘विहीणबाई, तुमच्या मते तो नुसता खडकांचा ताण सुटला. मग अन्याय कुणी केला?’ प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर: मी तुमचं धान्य तुमच्याच मापानं मोजते. देव नसेल तर भूकंप अन्याय नाही, नुसतं दुःख आहे आणि मजबूत घरं बांधायचं काम आहे. देव असेल, तो चांगला असेल, तर अन्यायाचा प्रश्न तुमच्या घरात उभा राहतो. पण हुंडाबळी वाईट का, याला माझं उत्तर लांबलचक होतं, आणि त्यांनीही चहानंतर परत विचारलं.

बाजूला बसलेली हिंदू मंडळी यात मान डोलावतात, त्यांनाही सोडू नका. कर्माचा सिद्धांत सुटसुटीत वाटतो, पण सास्तूरच्या त्या पोरीला मागल्या जन्माचं सांगणं हे ईयोबाच्या मित्रांचंच काम. आमच्या शेजारीण मावशी एकदा म्हणाल्या, ‘काय करलालाव बाई, पाहुण्याला असं छळतात का?’ त्यांना मी तिथंच कर्माचं विचारलं. त्या उठून गेल्या.

मयताच्या घरी मात्र तोंड उघडायचं नाही. तुमचंही नाही, पाळकाचंही नाही. तिथं जे म्हणवत नाही ते उत्तर बैठकीतही कच्चंच धरायचं, ही कसोटी मी दोन्ही बाजूंना लावते. आजारी माणसाला ‘विश्वास कमी पडला’ म्हणणारा कुणी भेटला, तर तिथं प्रश्न विचारायची गरज नाही, दार दाखवावं.

सध्या आमचं चाललंय ते पावसाच्या प्रार्थनेवर. एप्रिल २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस सगळ्यांना आठवतात. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो असं मत्तयाच्या ५व्या अध्यायात आहे; मग चर्चमध्ये पाऊस मागता कशाला? पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना देवाला बदलायला नसते, आपल्याला बदलायला असते. मी म्हणाले, मग त्यात पावसाचं नाव कशाला? ते म्हणाले, ‘मे महिन्यात एका रविवारी या, ऐका, आणि काय काढून टाकू ते सांगा.’ मी गेले. टँकरच्या रांगेत भांडण होऊ नये, ज्याच्या बोअरला पाणी आहे त्यानं शेजाऱ्याला द्यावं, जनावरांच्या छावणीत चारा पोचावा, कर्ज झालेल्या घरी कुणीतरी जाऊन बसावं, असं बरंच होतं. पाऊस मागणारं वाक्य एकच. ते काढा म्हणून मी सांगितलं. अजून काढलेलं नाही.